सासऱ्यांची मोटरसायकल आणि माझा घडीचा ट्रेलर

मला मोटरसायकल चालवता येत नाही. हे वाक्य मी चोवीस वर्षं कुणाजवळ बोललो नव्हतो, आणि आत्ता लिहितानासुद्धा दाराची कडी लागली आहे ना, हे दोनदा उठून पाहिलं. लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. शिक्षण नाही, नोकरी नाही, घर नाही, "मोटरसायकल येते ना?" समोर अंगणात त्यांची काळी, जाडजूड मोटरसायकल उभी होती आणि पायरीवर त्यांची मुलगी उभी होती. मला मुलगी हवी होती. मी म्हणालो, "येते की." पुढची चोवीस वर्षं सासुरवाडीला गेलो की सासरे किल्ली पुढे करायचे आणि माझी कंबर धरायची. त्या घरात माझी कंबर जितकी दुखली तितकी जगात दुसरीकडे कुठेही दुखलेली नाही. ऑफिसात मी वीजमीटर तपासणी विभागाचा हेडक्लार्क आहे, दिवसभर खुर्चीत बसून असतो, त्यामुळे कंबरेवर लोकांचा चटकन विश्वास बसतो.

सासूबाई गेल्यापासून सासरे नव्वद किलोमीटरवर एकटेच राहत होते. गेल्या महिन्यात ते बाथरूममध्ये पडले. फार लागलं नाही, पण बायकोची झोप उडाली. ती सकाळ-संध्याकाळ फोन करायची आणि चार रिंगांत उचलला नाही तर पायात चपला घालायची. आमच्याकडे या, म्हणून ती तीन वर्षं त्यांच्या मागे लागली होती आणि ते तीन वर्षं नाही म्हणत होते. या खेपेला म्हणाले, "ती आली तर येईन." ती म्हणजे मोटरसायकल. टेम्पोत घालायची नाही, कारण टेम्पोवाल्यांनी एकदा त्यांचं चार पायांचं कपाट तीन पायांवर आणून उतरवलं होतं. परक्याचा हात लागता कामा नये. मग आणायची कशी? "त्यात काय, जावईबुवा चालवत आणतील."

बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या कृतज्ञतेने तिने माझ्याकडे लग्नातही पाहिलं नव्हतं. अशा नजरेसमोर माणूस कंबर धरू शकत नाही.

दोन दिवस मी घास चावत होतो, गिळत नव्हतो. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर एक जाहिरात दिसली. एक हसरा माणूस गाडीच्या डिकीतून सूटकेससारखं काहीतरी काढतो, झटका देऊन उघडतो, त्याचा दोन चाकांचा ट्रेलर होतो, तो गाडीच्या मागे अडकवतो आणि मोटरसायकल एका हाताने वर चढवतो. दुसऱ्या हातात त्याच्या कॉफीचा कप असतो. मी बायकोला सांगितलं की इतकी जुनी गाडी हमरस्त्यावर नव्वद किलोमीटर पळवणं योग्य नाही, बेअरिंगवर ताण येतो. बेअरिंग हा शब्द मी तीनदा वापरला. तिला तो पटला, आणि सासऱ्यांना तर इतक्या चटकन पटला की मलाच जरा नवल वाटलं. "अगदी बरोबर," ते फोनवर म्हणाले, "बेअरिंग फार महत्त्वाचं." मी ट्रेलर मागवला.

ट्रेलर आला तो सूटकेसएवढा नव्हता. घडी घातल्यावर तो साधारण एका दरवाजाएवढा होत होता, चौकटीसकट. तो मी इमारतीखाली लावला आणि वर जाऊन पाणी प्यायलो न प्यायलो तोच सोसायटीचे सेक्रेटरी नियमांची वही घेऊन दारात हजर झाले. प्रत्येक सदनिकेला एक चारचाकी आणि एक दुचाकी एवढीच जागा आहे. माझी चारचाकी आहेच. ट्रेलरला चाकं किती? दोन. म्हणजे ट्रेलर ही माझी दुचाकी झाली. मग उद्या येणारी मोटरसायकल ही दुसरी दुचाकी ठरते, आणि तिला जागा मिळणार नाही. मी म्हणालो, अहो, ज्या मोटरसायकलसाठी हा ट्रेलर आणला, तिचीच जागा याने खावी? सेक्रेटरी म्हणाले की नियम हेतू पाहत नाही, चाकं पाहतो. हे ऑफिसात मी स्वतः लोकांना शेकडो वेळा ऐकवलं आहे. ट्रेलर वर आणला आणि बैठकीच्या खोलीत सोफ्यामागे उभा केला. दुसऱ्या दिवशी त्यावर टॉवेल वाळत होते.

यानंतर गाडीला मागे हूक लावून घ्यायचा होता. वेल्डर कामाचा पक्का निघाला. त्याने असा हूक बसवला की गाडी गेली तरी हूक राहील. तो मागे वीतभर बाहेर आला होता, नेमका माणसाच्या नडगीच्या उंचीवर. पहिल्या दिवशी दूधवाला लंगडला, दुसऱ्या दिवशी मी, तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी. सेक्रेटरींनी लंगडत लंगडतच सूचनाफलकावर नोटीस लावली. बायकोने हुकावर एक टेनिसचा चेंडू कापून बसवला, त्यामुळे गाडी मागून पाहिली की नाक लावलेल्या विदूषकासारखी दिसायला लागली.

मग परिवहन कार्यालय. समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले आणि आता ते इतरांच्या कामांवर देखरेख करतात. ते म्हणाले, नोंदणी केल्याशिवाय ट्रेलर रस्त्यावर आणाल तर फसाल. मीही कारकून माणूस, कागद पूर्ण असला की मला गाढ झोप लागते. गेलो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, वाहनाची लांबी किती? मी म्हणालो, उघडल्यावर की मिटल्यावर? त्यांनी चष्मा काढला. त्यांच्या अर्जात लांबीचा रकाना एकच होता. उघडलेली लांबी लिहिली तर तपासणीला ट्रेलर उघडून आणावा लागणार होता, उघडा आणायचा तर रस्त्यावरून आणावा लागणार होता, आणि रस्त्यावरून आणायला आधी नोंदणी हवी होती. मिटलेली लिहिली तर त्यांच्या मते ते वाहनच नव्हतं, सामान होतं. सामानाची खिडकी त्या कार्यालयात नव्हती. त्यांनी साहेबांना विचारलं, साहेबांनी मोठ्या साहेबांना विचारलं, आणि चौथ्या खेपेला माझ्या अर्जावर शेरा आला: "अर्जदाराने वाहनाची लांबी निश्चित करून यावे." मी तिथेच दोन्ही लांब्यांची बेरीज केली, दोनाने भागली आणि सरासरी लिहिली. पाच मिनिटांत शिक्का बसला. जगात कुठेही नसलेल्या लांबीचा ट्रेलर माझ्या नावावर नोंदला गेला, आणि मला खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटला.

सराव करायचा म्हणून रविवारी शाळेच्या मैदानावर गेलो. ट्रेलर लावून पुढे जाणं कुणालाही जमतं. मागे घेताना मात्र स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि आपण घाबरून उजवीकडे फिरवलं की तो काय करेल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. ओव्हरसियर मैदानाच्या मधोमध उभे राहून हातवारे करत होते. त्यांच्या एका हातवाऱ्याचा अर्थ "या" होता की "थांबा" होता, यावर आमचा वाद चालू असताना ट्रेलर गोलपोस्टमध्ये शिरला. बाहेर काढायला बायको बसली आणि एका दमात काढून मोकळी झाली. ती माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवते. हे मी इथे लिहितो आहे, घरी बोललेलो नाही.

आता खिट्यांबद्दल सांगितलं पाहिजे. ट्रेलरच्या मधोमध बिजागरी असते, तिथे तो मिटतो. उघडल्यावर तो पुन्हा मिटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी बोटाएवढ्या दोन लोखंडी खिट्या घालायच्या असतात. सरावाहून आल्यावर मी त्या काढल्या. आमच्या घरात एक रीत आहे. जी वस्तू महत्त्वाची, ती नीट ठेवायची. साध्या वस्तू कुठेही पडलेल्या असतात म्हणून सापडतात. महत्त्वाच्या वस्तू नीट ठेवलेल्या असतात. आमच्या कपाटाच्या जादा किल्ल्या सोळा वर्षं नीट ठेवलेल्या आहेत. खिट्या मी तेलाने पुसल्या, फडक्यात गुंडाळल्या, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घातल्या, डबीवर "ट्रेलर – खिट्या – महत्त्वाचे" अशी चिठ्ठी चिकटवली आणि डबी लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, विम्याच्या कागदांखाली ठेवली. मग मी एकतीस कलमांची यादी केली. सतरावं कलम होतं: "खिट्या नीट ठेवल्या आहेत."

जायच्या दिवशी सकाळी मी यादी मोठ्याने वाचली आणि बायकोने खुणा केल्या. दोरखंड? घेतले. फळी? घेतली. खिट्या नीट ठेवल्या आहेत? "आहेत," ती म्हणाली. आणि त्या खरंच होत्या. खूण करून आम्ही निघालो.

सासरे अंगणात तयार होते. एक बॅग, एक छत्री, आणि डोक्यावर जुनं हेल्मेट. गाडीत बसायचं आहे, हेल्मेट कशाला, असं बायकोने विचारलं, तर म्हणाले, बॅगेत मावत नाही. त्यांनी सवयीने किल्ली पुढे केली. "सुरू करून चढवता का?" मी म्हणालो की पेट्रोल आधीच काढून टाकलेलं बरं, ओव्हरसियरांनी तसं बजावलं आहे. ते म्हणाले, "बरोबर, बरोबर," आणि किल्ली पुन्हा खिशात गेली. पेट्रोल काढलं, ट्रेलर टिकटिक करत उघडला, आणि शेजारच्या दोघांना बोलावून फळीवरून मोटरसायकल वर ढकलली. जाहिरातीतला कॉफीचा कप मला वाटेत तीनदा आठवला. दोरखंडाच्या अकरा गाठी मारल्या. ट्रेलर सपाट, शांत पडून होता. वजनामुळेच तो सपाट आहे, हे त्याने तोंडाने सांगितलं नाही.

सासरे मागच्या सीटवर उलटे गुडघे टेकून बसले, म्हणजे मागच्या काचेतून मोटरसायकल दिसावी. सुलटे बसा म्हणून बायकोने तीनदा सांगितलं. ते दर दोन मिनिटांनी बातमी द्यायचे. "आहे." थोड्या वेळाने, "आहे." एका वळणावर "हलली", आणि लगेच "आहे." अठ्ठ्याऐंशी किलोमीटर हे चाललं होतं. मी ताशी तीसच्या पुढे गेलो नाही. दोन सायकली आम्हाला ओलांडून गेल्या. घर दोन किलोमीटरवर राहिलं तेव्हा माझ्या मनात आलं की आपण जिंकलो. असं मनात आलं की समजावं, समोर गतिरोधक आहे.

पेट्रोलपंपासमोरचा तो गतिरोधक माझ्या रोजच्या वाटेवरचा. गाडीची चाकं हळूच उतरली. मग ट्रेलरची चढली, आणि मी ब्रेक दाबला.

"जावईबुवा," मागून सासरे अगदी शांतपणे म्हणाले, "ती जवळ आली."

आरशात पाहिलं तर आकाशाऐवजी हेडलाइट दिसत होता. ट्रेलरचा मागचा अर्धा भाग उचलला गेला होता आणि तो मोटरसायकलला पोटात घेऊन मिटत होता. मिटला, थांबला, आणि हेडलाइट मागच्या काचेला येऊन टेकला. सासरे आणि त्यांची मोटरसायकल काचेच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे पाहत होते. बायको यादी उघडून सतराव्या कलमावर बोट ठेवून बसली होती. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

अशा वेळी माणसं कुठून येतात हे कोडंच आहे. पंपावरचे दोघे आले, पावाच्या गाडीचा ड्रायव्हर आला, समोरच्या दुकानातून शिंपी टेप गळ्यात घालून आला. ट्रेलर मुळातच उलटा लावला आहे, असं ड्रायव्हरचं मत पडलं. शिंपी म्हणाला की बिजागरीच्या ठिकाणी असं होतंच, तिथे दुहेरी शिवण लागते. शेवटी सगळ्यांनी मिळून अकरा गाठी कापल्या आणि मोटरसायकल ओढून बाहेर काढली. एक आरसा फुटला होता. बाकी तिला ओरखडासुद्धा नव्हता. ट्रेलर मात्र आता ना पूर्ण मिटत होता, ना पूर्ण उघडत होता. परिवहन कार्यालयात मी जी लांबी लिहिली होती, बहुधा तीच त्याने आता धरली होती. तो पंपाच्या कुंपणाला टेकवून ठेवला.

पंपवाल्याने लगेच टाकीत पेट्रोल घातलं, किक मारली, आणि ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. ती न सुरू होण्यावर माझी सगळी भिस्त होती. सासऱ्यांनी गाडीतून उतरून हेल्मेट काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"घ्या. दोनच किलोमीटर आहेत. बेअरिंगला काही होत नाही."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी कंबरेकडे हात नेला. बायकोने माझ्या त्या हाताकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासूनचा शीण होता, गेल्या महिन्याभराचा होता. आता सासरे चिडून परत जातो म्हणाले तर पुन्हा त्या चार रिंगा आणि पुन्हा त्या चपला. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी सासऱ्यांना पावाच्या गाडीच्या आडोशाला नेलं.

"बाबा," मी म्हणालो, "मला मोटरसायकल येत नाही. कधीच येत नव्हती. तेव्हा खोटं बोललो."

सासरे हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. मोटरसायकल पलीकडे फटफटत होती.

"मलाही आता येत नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. ते खालच्या आवाजात बोलत राहिले. तीन वर्षांपासून उजवा गुडघा तिचं वजन घेत नव्हता. दर रविवारी बाजारात चक्कर मारून येतो, असं ते मुलीला फोनवर सांगत, ते खोटं होतं. दर रविवारी ते तिला स्टँडवर सुरू करायचे, पाच मिनिटं आवाज ऐकायचे आणि बंद करायचे. मी ट्रेलरचं काढलं तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं. आमच्या घरी पोचेपर्यंत "थोडी चालवून दाखवा, बाबा" असं कुणी म्हणणार नव्हतं.

"आणि बाथरूममध्ये मी पडलो नव्हतो. हिच्यावरून पडलो. ती उभी होती, मीही नुसता बसलो होतो. हे मुलीला सांगू नका."

मी म्हणालो, नाही सांगणार. माझंही सांगू नका. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात पावाचा ड्रायव्हर डोकावला आणि म्हणाला, "मी नेऊन देऊ का?" आम्ही दोघे एकदमच "नको" म्हणालो.

मग सासऱ्यांनी जाऊन इंजिन बंद केलं, हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि मोटरसायकलवर बसले. मी पंपवाल्यांना सांगितलं की मोटरसायकलच्या आत काहीतरी सैल झालंय, चालवणं धोक्याचं आहे. बेअरिंग, मी म्हणालो. आणि मागून ढकलायला लागलो. बायको आमच्या मागून गाडीचे दिवे लुकलुकवत पायीच्या वेगाने येत होती. तिने आडोशामागचं किती ऐकलं होतं, ते मला अजून माहीत नाही.

दोन किलोमीटर म्हणजे किती, हे मोटरसायकल आणि सासरे दोघांना ढकलल्याशिवाय कळत नाही. पहिल्या चौकात माझा शर्ट भिजला. शाळेपाशी चढ होता, तिथे कंबर खरोखर धरली. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. वरून सासरे सूचना देत होते. डावीकडे घेतो. खड्डा आहे. झेपतंय ना? एकदा मी दम खायला थांबलो तर मोटरसायकल कलली आणि त्यांच्या खांद्याचा थरकाप मला मागून दिसला. मग मी थांबलोच नाही. उतारावर ती आपोआप धावायला लागली. मी कॅरियर धरून मागून पळत होतो, आणि सासरे ताठ बसून हँडल धरून वारा खात होते. त्यांनी कुणालाच उद्देशून नव्हे असा एकदा हॉर्न वाजवला.

सोसायटीच्या फाटकाशी सेक्रेटरी वही घेऊन उभे होते, आणि ओव्हरसियर "या" किंवा "थांबा" असा हात करत होते. गच्चीत चार-सहा जण जमले. मी मोटरसायकलच्या मागे गुडघ्यांवर हात टेकून उभा होतो. सेक्रेटरींनी मला आपादमस्तक न्याहाळलं, मग सासऱ्यांना विचारलं की हे काय, गाडी ढकलत आणली? बंद पडली का? की जावयांना चालवता येत नाही?

बायको गाडीतून उतरली आणि तिथेच थांबली. मी डोळे मिटून घेतले.

सासऱ्यांनी सावकाश हेल्मेट काढलं आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन, उजवा पाय जपत, खाली उतरले.

"गाडी मी चालवत आणली," ते म्हणाले, "आणि मला यांनी आणलं. सबंध रस्त्यात एकदाही पाय टेकू दिला नाही."